क्लायंट

माझं मेजर समाजशास्त्र, मायनर समाजकार्य. नव्या शैक्षणिक धोरणाची ही बोली. आईला सांगितलं तर म्हणाली, "समाजकार्याचं बी कालिज असतंय व्हय? तुझा बाप जयंतीची वर्गणी गोळा करत जल्मभर फिरला, त्याला कुणी मार्क दिले?"

आमच्या नोट्सांत इतिहास 1936 ला सुरू होतो. टाटांच्या पैशातून मुंबईत समाजकार्याची पहिली शाळा निघाली ते साल. त्याच्या आधी बारा वर्षं, 1924 ला, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, पुढं सोलापूरला पोरांसाठी वसतिगृह चालवलं. ते नोट्सांत नाही.

नोट्सांत केसवर्क आहे. माणूस अडला की तो क्लायंट. त्याची हिस्टरी घ्यायची, समस्या ठरवायची, त्याला स्वतःच्या पायावर उभं करायचं. आता आमच्या वस्तीतली माणसं पहाटे चारपासून पायावरच उभी असतात, ती गोष्ट निराळी.

फिल्डवर्कला शेजारचीच वस्ती मिळाली. तिथं एक मावशी. नवरा ठेकेदाराच्या सांगण्यावरून गटारात उतरला तो वर आलाच नाही. ठेकेदारानं थोडे पैसे दिले, कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. माझ्या हातातल्या फॉर्मवर रकाने होते : घरात व्यसन आहे का? बचत गटात आहात का? मुलं शाळेत नियमित जातात का? ठेकेदाराला रकाना नव्हता. मावशी म्हणाली, "लिव बाबा, काय लिवायचं ते. आधीच्या ताईनं बी लिवून नेलतं."

मी फॉर्मच्या पाठीमागं लिहिलं. सुरक्षेची साधनं न देता माणूस गटारात उतरवणं हा 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. 27 मार्च 2014 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, 1993 पासून असे जे मेले त्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या. 20 ऑक्टोबर 2023 ला त्याचे तीस लाख केले. मावशीला यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नव्हतं. शिलाई मशीन मात्र मिळालं होतं, फोटोसकट.

मॅडमनी रिपोर्ट परत दिला. "तू फार गुंततोस. कार्यकर्त्यानं क्लायंटपासून अंतर राखावं." मॅडम मनानं वाईट नाहीत. पण अंतर राखायला आम्हाला शिकवता? ते तर पिढ्यान्‌पिढ्या आमच्यावरच राखलं गेलं.

14 नोव्हेंबर 1932 ला, तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना, बाबासाहेबांनी बोटीवरून अस्पृश्यता निवारण संघाच्या ठक्करांना पत्र लिहिलं. मुद्दा रोकडा. काम करायच्या दोन रीती. एक म्हणते, माणसाची दशा त्याच्या वागण्यानं होते. मग त्याची दारू सोडवा, त्याला तालीम द्या, वाचनालय द्या. दुसरी म्हणते, दशा परिस्थितीनं होते. मग विहीर, शाळा, चावडी यांवरचा हक्क मिळवा. बाबासाहेब दुसरीकडं उभे राहिले. आमचा फॉर्म अजून पहिलीतच आहे.

हे सगळं रिपोर्टात घालून पुन्हा दिलं. मार्क यायचे तेव्हा येतील.

मावशीचा अर्ज कलेक्टर ऑफिसात गेलाय, पोच मिळालीय. आता एफआयआरची नक्कल मागतात, आणि ठाण्यात नोंद 'अपघाती मृत्यू' एवढीच आहे. तुमच्यापैकी कुणी असली केस लढवली असेल तर कागदांच्या नकला संपादकांकडे पाठवा. मावशीला सोबत घेऊन मंगळवारी पुन्हा ठाण्यावर जायचंय.