तोरणमाळला, रानपिंगळ्याच्या शोधात

जानेवारीतली सुट्टी, स्वच्छ ऊन आणि ओळखीची जीप असा योग जुळून आला आणि आम्ही सहाजण पहाटे शहाद्याहून तोरणमाळला निघालो. वाचक बंधू-भगिनींनी या गावाचे नाव ऐकले असेलच. सातपुड्यातले, साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवरचे हे ठिकाण नंदुरबार जिल्ह्यात येते. १९९८ पूर्वी हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. तळे, दरी पाहायची होतीच, पण खरी ओढ होती रानपिंगळ्याची. आईंना मात्र आम्ही हे सांगितले नव्हते.

त्याला कारण आहे. आमच्या आई पिंगळ्याचे नावही घरात काढू देत नाहीत. त्यांचे पहिले मूल दीड वर्षाचे असताना गोवराने गेले. त्या रात्री घरामागच्या लिंबावर पिंगळा ओरडत होता. गावात दवाखाना नव्हता, पावसात बैलगाडी ओढ्याशीच अडली, हे त्या स्वतःच सांगतात. पण दोष पिंगळ्याचा! पन्नास वर्षे झाली, अजून तो ओरडला की त्या उठून खडा मारतात.

राणीपूर मागे पडले आणि पायथ्याच्या गावातला एक पावरा तरुण जीपमध्ये बसला. जंगलात पक्ष्यांची मोजणी करणाऱ्यांबरोबर तो हिंडलेला. घाटात थंडी अशी की कानटोप्या निघाल्या. वर पोचलो तर यशवंत तलावावर ऊन सांडलेले, काठाला बगळे आणि मध्ये टिबुकल्यांच्या बुड्या. धाकटी प्रत्येक बुडी मोजत बसली. सीताखाईच्या कड्यावर दुपारी भाकरी, ठेचा आणि भरीत सोडले. धबधबा या दिवसांत नावापुरताच, पण दरी पाहून आई म्हणाल्या, “एवढी खोल जमीन देवाने का बरं उकरली असेल?” उत्तर कोणालाच देता आले नाही. गोरखनाथाचे देऊळ, कमळ तलाव हे उभ्याउभ्या झाले.

जेवताना त्या तरुणाने रानपिंगळ्याचा विषय काढलाच, आणि आमचे बिंग फुटले. आई काही बोलल्या नाहीत. पण गोष्ट ऐकत होत्या. ती आहेच तशी. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली. १८८४ नंतर तो सापडेना. फक्त १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा एक नमुना होता, म्हणून शोधणारे तिकडे फिरत राहिले. तो नमुनाच चोरीचा! मेइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना पक्षी लांबवून त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी ती नोंद बाजूला सारली, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये दोन सहकाऱ्यांसह आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात पक्षी गाठला. ११३ वर्षांनी!

घाट उतरताना चारच्या सुमारास जीप थांबवली. सागाच्या उघड्या फांदीवर एक पिंगळा दिसला. आम्ही हरखलो, पण तरुण म्हणाला, “हा नाही. याच्या डोक्यावर ठिपके आहेत, हा तुमच्या घराजवळचाच.” आणखी अर्धा तास पायी चाललो. मग त्याने हात वर केला. भर उन्हात, निष्पर्ण झाडावर, मुठीएवढा पक्षी. डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, शेपटीवर रुंद पट्टे. हा दिवसाढवळ्या सरडे पकडतो. जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो, म्हणून जुनी झाडे तुटली की त्याचे घर गेलेच.

दुर्बीण आईंकडे गेली. बराच वेळ त्यांनी ती डोळ्यांवरून काढली नाही.

“एवढासाच?” त्या म्हणाल्या.

परतताना त्यांनी त्या तरुणाला विचारले, “हा ओरडतो तो कशाला रे, भाऊ?”

“जोडीदाराला बोलावतो, माय. नाहीतर आपली जागा राखतो.”

पायथ्याला तो उतरला तेव्हा उरलेल्या भाकऱ्या आईंनी त्याच्या हातात दिल्या. म्हसावदला चहाला थांबलो. आई धाकटीला म्हणाल्या, “पुस्तकात त्याचं नाव काय लिहिलंय, परत सांग बरं.” तिने सांगितले. आईंनी ते दोनदा हळू म्हणून पाहिले आणि बशीत चहा ओतला.