साच्यातून निघालेले घर

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून उत्तरेकडे जाणाऱ्या आगगाडीने हर्टफर्डशायर परगण्यातील लेचवर्थला पोहोचता येते. एबेनेझर हॉवर्ड यांच्या कल्पनेनुसार १९०३ साली वसविण्यास आरंभ झालेले हे पहिले उद्याननगर. वृक्षांनी वेढलेले रस्ते आणि घरापुढे बाग असा येथील थाट. विल्बरी मार्गावरील १५८ क्रमांकाचे घर मात्र त्याच्या भिंतींसाठी पाहावयाचे.

शेतमजुराला परवडेल असे घर १५० पौंडांत बांधता येईल काय, हा त्या काळी इंग्लंडातील मोठा प्रश्न होता. 'स्पेक्टेटर'चे संपादक सेंट लो स्ट्रेची यांच्या पुढाकाराने १९०५ साली येथे स्वस्त घरांचे प्रदर्शन भरले. ६०,००० हून अधिक लोकांनी ते पाहिले. त्यात लिव्हरपूलचे नगर अभियंता जॉन ब्रोडी यांनी हे घर मांडले. फुटबॉलच्या गोलाला जाळी लावण्याची कल्पनाही यांचीच. शहराचा केरकचरा जाळून उरलेली खंगर काँक्रीटमध्ये वापरावी, लोखंडी सळया घालून भिंतीच साच्यात ओताव्यात आणि जागेवर नेऊन नुसत्या जोडाव्यात, अशी त्यांची योजना होती.

१९१२ साली नव्या दिल्लीची आखणी करणाऱ्या समितीत लट्यन्स यांच्यासमवेत हेच ब्रोडी होते. पुढे फाळणीनंतर निर्वासितांच्या निवाऱ्यासाठी त्याच दिल्लीत सरकारने काँक्रीटच्या तयार घरांचा कारखाना काढला, हा एक विलक्षण योगायोगच म्हणावयाचा. तो पहिला प्रयत्न फसला. परंतु १९५३ साली 'हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी' या नावाने त्याला नवे रूप मिळाले.

लेचवर्थचे घर आज कायद्याने संरक्षित आहे. परंतु अशा घराची निगा राखणे सोपे नव्हे. हवेतील कार्बन वायू काँक्रीटमध्ये हळूहळू मुरतो, सळयांचे रक्षण करणारा त्याचा क्षारगुण नाहीसा होतो, सळया गंजून फुगतात आणि भिंतीला तडे जातात. एखादी वीट काढून दुसरी बसवावी, तशी ही भिंत बदलता येत नाही.

त्याच सुमारास ब्रोडी यांनी लिव्हरपूलच्या एल्डन स्ट्रीटवर याच पद्धतीने कामकरी कुटुंबांसाठी चाळवजा इमारत उभारली होती. गरिबांनी जेथे खरोखर संसार केले, ती इमारत विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात पाडण्यात आली. प्रदर्शनातील नमुना तेवढा उरला. राजवाडे आणि देवळे जपण्यास सांगावे लागत नाही. सामान्य माणसाच्या घरातही इतिहास असतो, हे मात्र पुष्कळदा घर पाडल्यावरच उमगते. विल्बरी मार्गावरील या साध्या भिंती म्हणूनच मोलाच्या आहेत.