हँडलचा पन्हा

माउंटन बाइकच्या हँडलची रुंदी हा विषय साहित्याच्या वाचकांना परका वाटेल, हे आम्ही जाणतो. पण शिंप्याच्या ‘पन्हा’ आणि ‘खांदा’ या शब्दांनी तो आम्हांस अधिक उमगला.

१९९० च्या दशकात ही हँडले साधारणतः ५६० ते ६०० मिलिमीटर असत. आता ७६० ते ८०० सर्रास दिसतात. रुंदीने तरफ लांबते आणि दगडावर आपटून वळू पाहणारे पुढचे चाक कमी बळात आवरते. वेळणेश्वरच्या माथ्यावरील सड्यावर, उघड्या जांभ्यावरून जाताना, हे सुख मोठेच! खाली गावात मात्र वाट दोन आगरांच्या गडग्यांमधून निघते आणि तेच हँडल बोटांच्या सांध्यांना धाक घालते.

तरीही माप वाटेचे घ्यावे की देहाचे? आमचे मत देहाच्या बाजूचे. जोर काढताना तळवे सहज जेथे टेकतात, त्यांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर हा पहिला अंदाज. त्याहून फार रुंद हँडलाने कोपरे ताठरतात, खांदे भरून येतात. फार अरुंद हँडलाने चाक चंचल होते. करवत मात्र लगेच उचलू नये. मुठी व ब्रेक दोन्हीकडून दहा-दहा मिलिमीटर आत सरकवून आठवडाभर हिंडावे.

आम्ही ७८० चे ७४० केले. आमच्यातला उंच मित्र ७८० वरच राहिला. गडगे आले की तो मुकाट्याने उतरतो.