मुसळ, पुतण्या आणि कलम ३६

सातारा

प्रिय सुमे,

तुझ्या टेक्ससमधल्या शेजाऱ्याने पिस्तूल घेतलं म्हणून आता तुझ्या दिलीपरावांनाही हवंय, हे ऐकून हसू आलं. झुरळ मारायला घाबरणारा माणूस तो! आणि वर तू विचारतेस, "आपल्याकडे घरात चोर शिरला तर मारता येतो का गं?" तीस वर्षं काळा कोट घालतेय, पण यावर खरा विचार मी गेल्या महिन्यात केला, तोही हातात मुसळ घेऊन.

हे बाहेरगावी. रात्रीचा दीड. मागच्या दाराची कडी कोणीतरी फटीतून काडी घालून उचलत होतं. मी दाराआड, मुसळ खांद्यापर्यंत उचललेलं. दार किलकिलं झालं आणि आवाज आला, "काकू, मी!" पुतण्या! शेवटची एसटी चुकली, ट्रकने आला आणि माझी झोपमोड नको म्हणून मागून शिरला. मुसळ हातातून सुटलं ते माझ्याच अंगठ्यावर. नख अजून काळंनिळं आहे.

गंमत म्हणजे हाच प्रसंग कायद्यात छापलाय. आधी १८६०च्या दंडसंहितेत होता, जुलै २०२४पासून न्याय संहितेच्या कलम ३६मध्ये आहे. हक्काच्या घरात रात्री शिरणाऱ्याला चोर समजून कोणी प्रामाणिकपणे हल्ला केला, तर त्याचा गुन्हा नाही. पण शिरणाऱ्यालाही स्वतःला वाचवायचा तितकाच हक्क. म्हणजे आम्ही काकू-पुतण्या एकमेकांना हाणायला कायदेशीर मोकळे होतो!

जीव घेण्यापर्यंतची मुभा मात्र मोजक्या वेळी. मरणाची किंवा जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला. मालमत्तेसाठी जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग. तेही गरजेपुरतंच. चाबूक घेऊन आलेल्यावर पिस्तूल झाडलं, तर खून नसला तरी सदोष मनुष्यवध होतो. हेही पुस्तकातलंच उदाहरण. दिलीपरावांना वाचून दाखव.

अशा खटल्यात मी आधी शवविच्छेदनाचा अहवाल उघडते. जखम छातीवर की पाठीवर? कारण भीती आहे तोवरच हक्क. चोर टीव्ही घेऊन पळत सुटला की उरतो तो राग. पाठलाग करून टीव्ही हिसकावून घे, पण जीव घेता येत नाही. तुमच्या टेक्ससमध्ये रात्री माल घेऊन पळणाऱ्यावरही काही अटींवर गोळी चालते म्हणे कायद्याने. मला ते काही पटत नाही बाई.

पण आपलं सर्वोच्च न्यायालय समजूतदार आहे हं. घाबरलेल्या माणसाचा प्रत्येक घाव सोन्याच्या तराजूत तोलू नका, असं त्याने अनेकदा बजावलंय. दीड वाजता दाराआड उभं राहिल्यावर ते मला नीट कळलं. वजनबिजन काही सुचत नाही गं, फक्त कडीचा आवाज ऐकू येतो.

पुतण्या आता भरदुपारीसुद्धा गल्लीच्या तोंडापासून "काकू, मी!" ओरडत येतो.

तुझी,
शैला