खालाच्या पिशवीतला कागद

आमच्या खानदानातल्या मर्दांचा शजरा आम्हांला तोंडपाठ आहे. कोण कुठल्या गलबतावर तांडेल होता, कोण मुंबईला गोदीत लागला, विचारा, लगेच सांगू. बायकांचं निघालं की अडखळतो. नानीची थोरली बहीण कशाने गेली? 'पोटात पाणी झालं.' तिची मुलगी? 'तेच काहीतरी.' 'ते' म्हणजे काय, हे मय्यतीच्या घरातही कुणी उच्चारलं नाही.

हे सगळं परळला आठवावं लागलं. खालाला 42व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. कुडाळहून तुतारी एक्स्प्रेसने दादर आणि तिथून टाटा मेमोरियल, हा रस्ता आमच्या मालवणात पुष्कळांच्या पायाखालचा. तिथे समुपदेशक बाईंनी कागदावर आमचं घराणं काढायला घेतलं. बाई म्हणजे वर्तुळ, पुरुष म्हणजे चौकोन. आजारी असेल तर आतून काळा, वारला असेल तर तिरपी रेघ, आणि नात्यातलं लग्न असेल तर जोडरेघ. आमच्या कागदावर जोडरेघा इतक्या झाल्या, की बाईंनी दुसरा कागद घेतला. एकच पणजी आईकडूनही निघे आणि बापाकडूनही.

खालाच्या रक्तात बीआरसीए-1 जनुकातला दोष निघाला. हा जनुक 1994 मध्ये सापडला. बायकांचा आजार आईकडूनच येतो असं लोक धरून चालतात, पण हा दोष बापाकडूनही येतो. ज्याच्यात तो आहे त्याच्या प्रत्येक मुलाला, मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून खालाचा रिपोर्ट तिच्या एकटीचा राहिला नाही. आजारी माणसात नेमका कोणता बदल आहे ते कळलं, की बाकीच्यांच्या रक्तात तेवढाच शोधायचा. तो बदल रिपोर्टात एका ओळीत असतो, अक्षरं आणि आकडे. आणि ती ओळ कुठे, तर प्लास्टिकच्या पिशवीत, औषधांच्या बिलांखाली. कुवेतच्या भाच्याला मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत शेवटचा आकडा 3 की 8, तेच कळेना.

2021 पासून सरकारचं डिजिटल आरोग्य अभियान देशभर चालू आहे. त्यातला 14 आकडी आभा क्रमांक आम्ही खालासाठी काढला. रिपोर्ट त्याला जोडता येतात, आणि तिच्या संमतीशिवाय डॉक्टरलाही दिसत नाहीत. सोय चांगलीच आहे. पण आभा एकेका माणसाचं. खालाच्या क्रमांकावरून तिची भाची कोण ते कळत नाही, आणि पणजीला तर क्रमांकच नाही. नातं सांगायला माणूस लागतो, आणि माणसं तिथेच गप्प बसतात.

खालाची मुलगी 20 वर्षांची. स्थळं येताहेत. मोठे मामू म्हणाले, "निकाह होऊन जाऊ दे, मग सांगू." घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी खालाच म्हणाली, "तिला आज सांगा. सासरी सांगायचं की नाही, ते तिचं ती बघेल." मुलीने ऐकून घेतलं आणि आधी रिपोर्टची झेरॉक्स मागितली.

आता राहिलेत आचऱ्याचे धाकटे मामू. 'मर्दाला काय होतंय' म्हणून फोन ठेवतात. त्यांना तीन मुली आहेत. खालाने त्यांना या जुम्म्याला नमाजनंतर जेवायला बोलावलंय, आणि बांगड्याचं तिखलं स्वतः करणार आहे.