तापट राखणदार

इंटरल्यूकिन-1 बीटा हे नाव ऐकून कुणालाही वाटेल, प्रयोगशाळेतला कुणी गरीब बिचारा रेणू असावा. तसा तो अजिबात नाही. अंगात कणकण येते, जेवण नकोसं होतं, त्यामागे बऱ्याचदा हाच असतो. त्याचं जनुक 1984 साली हाती लागलं. त्याआधीही शास्त्रज्ञांना तो ठाऊक होता, पण ताप आणणारा म्हणून.

पेशी त्याला मोकळं सोडत नाही. जन्मतो तो निष्क्रिय, लांबलचक. धोक्याची चाहूल लागली की कॅस्पेस-1 नावाचं विकर त्याला कापतं, आणि 17 किलोडाल्टनचा तुकडा बाहेर पडून आरडाओरडा सुरू करतो.

जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी शिरला की हेच होतं. पांढऱ्या पेशी धावून येतात, अस्तर सुजतं. जिवाणू चिवट, अमोनिया तयार करून स्वतःभोवतीचं आम्ल मारतो आणि चिकट स्रावात दडून बसतो. बीटाचा पारा आणखी चढतो. मग तो भलतंच करतो: जठराचं आम्ल बनवणंच दाबून टाकतो. या कामात त्याचा हात धरणारे फार थोडे. रागावला शत्रूवर, हत्यार काढून घेतलं घरच्यांचं! आम्ल ओसरलं की एरवी जठराच्या खालच्या टोकाशी राहणारा जिवाणू वर पसरतो, तिथल्या आम्लग्रंथी वर्षानुवर्षं झिजत जातात आणि कर्करोगाला जमीन मिळते. (पक्वाशयाच्या अल्सरवाल्यांचं उलट. त्यांचं आम्ल जास्त, म्हणून जठराच्या कर्करोगाचा धोका कमी. जळजळीचा एवढाच काय तो फायदा.)

1984 मध्येच पर्थच्या बॅरी मार्शलनी हा जिवाणू मुद्दाम पिऊन पाहिला. काही दिवसांनी सकाळी उलट्या सुरू झाल्या. पडायचं ते स्वच्छ पाणी, त्यात आम्लाचा पत्ता नाही.

बीटा सगळ्यांच्यात सारखाच भडकतो असंही नाही. 2000 साली एमाद एल-ओमर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्याच्या जनुकाची काही रूपं असलेल्यांना आम्ल आटण्याचा आणि जठराच्या कर्करोगाचा धोका जास्त. पुढे उंदरांच्या जठरात मानवी बीटा जादा बनवला, तर जिवाणू नसतानाही सूज आली, काहींना कर्करोगही झाला.

तरी मी त्याला खलनायक म्हणणार नाही. डॉक्टरही उपचारात आम्ल दाबायची गोळी देतातच, पण सोबत प्रतिजैविकं असतात. बीटाकडे ती कुठून येणार? जिवाणू गेला की तोही निवतो. झिजलेल्या ग्रंथी मात्र सगळ्या परत येतातच असं नाही.