थारला आधी काय घ्यायचं?

गाडी आली की तिला काहीतरी ‘लावायचं’ ही आपल्याकडची जुनीच हौस. बैलांना घुंगरं, सायकलला डायनॅमो आणि मागे झुलणारी झालर, ट्रकला आरशाभोवती गोंडे. तेव्हा महिंद्राची थार घेणाऱ्याला पहिल्या आठवड्यात ‘आता काय काय लावलंस?’ असं लोक विचारतात यात नवल काहीच नाही. गेले काही दिवस आमच्या घरात हाच विषय चालू आहे, म्हणून म्हटलं लिहून काढावं. मंडळींपैकी कुणाला उपयोग झाला तर ठीकच.

माझी भाची गुरांची डॉक्टर आहे. साताऱ्यात राहते, आणि रोजच्या फेऱ्या मेढ्याकडे, नाहीतर कासवरून बामणोलीच्या अंगाला. तिने थार घेतली ती सेकंडहँड, २०२१ सालची, डिझेल, फोर बाय फोर. (हे मुद्दाम लिहितो. २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते आणि बाहेरून ओळखू येत नाही. सेकंडहँड घेणाऱ्याने आधी गिअरच्या शेजारचा दुसरा छोटा दांडा आहे का ते पाहावं.) गाडी घेऊन झाल्यावर तिच्याकडे ऐंशी हजार रुपये उरले होते. मित्रांनी सुचवलेल्या वस्तूंची यादी तिने माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “मामा, तुम्ही शाळेची अंदाजपत्रकं केलीत ना इतकी वर्षं? याचंही करून द्या.”

यादी झकास होती. गाडी उंच करायचं ‘लिफ्ट किट’, तेहेतीस इंची टायर, बंपरपुढचा लोखंडी गार्ड, टपावर दिव्यांची पट्टी, बॉनेटच्या बाजूने वर जाणारं नाक म्हणजे स्नॉर्कल, आणि पुढे विंच. फोटोत छान दिसतील अशा सगळ्या वस्तू!

मी तिला एकच विचारलं, दिवसाकाठी गाडी कुठे किती चालते? हिशेब निघाला तो असा. रोजचे साधारण सत्तर किलोमीटर. त्यातले साठ-पासष्ट डांबरी, बराचसा घाट. चार-पाच खडीचे. आणि शेवटचा एखादा, फार तर दोन किलोमीटर, जिथे पावसाळ्यात रस्ता नावाची गोष्टच नसते. गाडी घेतली ती या शेवटच्या दोनासाठी, पण जीव सांभाळायचा आहे तो उरलेल्या अडुसष्टांवर. रात्री अकराला एखाद्याची म्हैस अडली म्हणून फोन येतो आणि ही एकटी निघते. त्यामुळे माझ्या बहिणीच्या दृष्टीने हा प्रश्न हौसेचा नव्हताच.

लोखंडी गार्ड पहिल्या झटक्यात खोडला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने असे गार्ड बेकायदा ठरवलेच आहेत. कारणही पटण्यासारखं आहे. पुढचा भाग चेपून धक्का शोषून घेईल आणि वेळेवर एअरबॅग उघडेल अशी गाडीची रचना असते, आणि आपण पुढे लोखंड ठोकून ती बिघडवायची! शिवाय समोर माणूस आला तर त्याची गत विचारायला नको. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की नोंदणीच्या वेळी गाडी जशी होती त्यात मूलभूत बदल करता येणार नाहीत. हे वाक्य लिफ्ट किटवाल्यांनीही जरा शांतपणे वाचावं.

लिफ्टबद्दल मात्र भाचीशी बराच वाद झाला. तिचं म्हणणं, गाडी दोन इंच उंच झाली की दगडांना लागणार नाही. वरवर बरोबर वाटतं. पण थारचा मागचा आस अखंड आहे आणि त्याच्या मध्यभागी डिफरन्शियलचा लोखंडी गोळा लटकतो. स्प्रिंगा उंच केल्या की गाडीचा सांगाडा वर जातो, गोळा होता तिथेच राहतो! तो वर जायचा तर टायरच मोठं हवं. म्हणजे पैसे घालून मिळालं काय, तर केळघरच्या वळणांवर आधीपेक्षा जास्त कलणारी गाडी. मुळात कंपनीनेच २२६ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स दिला आहे, आणि गोठ्याच्या वाटेला तेवढा पुरतो.

मग मोठी टायर का नकोत? इथे मी वही-पेन्सिल काढली. तिच्या गाडीचं माप २५५/६५ आर १८. म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के, आत रिम १८ इंची. गणित करा, चाकाचा व्यास येतो सुमारे ७८९ मिलिमीटर. मित्रांनी सुचवलेलं २८५/७० आर १७ घेतलं तर व्यास ८३१. फरक ४२, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच, म्हणजे दोन सेंटिमीटर. या दोन सेंटिमीटरसाठी जड चाकं फिरवायला डिझेल जास्त, ब्रेक लागायला अंतर जास्त, रिमही नवी, आणि स्पीडोमीटर खोटं बोलणार. काटा ८० दाखवील तेव्हा गाडी ८४ ने धावत असेल. त्यातून वाटाघाटी न करणारी एक गोष्ट म्हणजे पाचवं चाक. फोर बाय फोर लावलेल्या गाडीत एक चाक वेगळ्या व्यासाचं असलं की सगळ्या दातेऱ्यांवर ताण येतो. म्हणजे मोठी घ्यायची तर पाचही घ्या, आणि ते जड पाचवं मागच्या दाराच्या बिजागऱ्यांवर टांगा.

तेव्हा माप तेच ठेवलं. पण टायर बदलायला तर झालीच होती, त्यामुळे खरा प्रश्न जातीचा होता. दुकानात तीन जाती सांगतात. एचटी म्हणजे डांबरी रस्त्याची, एमटी म्हणजे चिखलाची, आणि दोन्हीच्या मधली एटी. एमटीच्या मोठमोठ्या गठ्ठ्यांमधून चिखल फेकला जातो खरा, पण डांबरावर ती गुणगुणतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड कमी. आमच्याकडे चार महिने डांबर ओलंच असतं! सत्तरातल्या दोन किलोमीटरांसाठी अडुसष्टांवर पकड सोडायची हे मला मान्य नव्हतं. एटी घेतली, चार. पाचवं मागचं, न वापरलेलं, तेच माप, म्हणून वाचलं. (टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. १४२१ असेल तर २०२१ सालच्या चौदाव्या आठवड्यातलं. भाजी जशी ताजी बघून घेतो तसं हेही बघून घ्यावं.) ऐंशी हजारांचा मोठा घास इथेच गेला, आणि योग्य जागी गेला असं माझं मत.

त्यानंतर घेतला हवा भरायचा छोटा कंप्रेसर, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. चिखलात शिरण्यापूर्वी चाकातली हवा वीस पौंडांपर्यंत उतरवली की टायर पसरतं, जमिनीला जास्त टेकतं आणि रुतणारी गाडी बऱ्याचदा आपली आपण निघते. पण डांबरावर परत आल्यावर ती भरायलाच हवी, नाहीतर टायर तापून भिंत फाटते. रात्री बारा वाजता पंक्चरवाला कुठला उघडा असायला? हजारोंच्या लिफ्टपेक्षा हा चपलेच्या खोक्याएवढा डबा जास्त कामाचा.

विंच नाही घेतली. चाळीसेक किलो वजन कायम गाडीच्या नाकावर वागवायचं, आणि उपयोग वर्षातून दोनदा. ज्या गावात म्हैस आहे तिथे ट्रॅक्टर असतोच. त्याऐवजी ताणला जाणारा जाड पट्टा, दोन शॅकल, हातमोजे आणि फावडं घेतलं. ट्रॅक्टरवाले साखळी काढतात, त्यांना नम्रपणे नको म्हणावं. साखळी ताणत नाही, झटक्याने तुटते आणि तुटलेलं टोक गोळीसारखं येतं. पट्टाही गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या हुकलाच अडकवायचा, आणि ओढताना बघ्यांना लांब उभं करायचं. (हे शेवटचं आपल्याकडे सगळ्यात अवघड!)

टपावरची पट्टी कासच्या धुक्यात कामाची नाही. उंचावरचा पांढरा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांतच येतो, समोरच्याला आंधळा करतो ते वेगळंच. धुक्यातले दिवे खाली बंपरजवळ हवेत, आणि ते गाडीला होतेच. काचा घासून घेतल्या आणि रोख नीट करून घेतला, दीडशे रुपयांत काम.

स्नॉर्कलवर माझा आवाज जरा चढला. थार ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांवर थोड्या पाण्यातून जाऊ शकते असं कंपनी सांगते. ते साठलेल्या पाण्याचं माप. वाहत्या पाण्याचा हिशेब निराळा, दोन फूट जोराचं पाणी मोठ्या गाड्यासुद्धा उचलून नेतं. नाक उंच असलं म्हणून चाकं जमिनीला चिकटून राहत नाहीत. साकवावरून पाणी गेलं की अलीकडे थांबायचं. ती म्हणाली, “आणि पलीकडे जनावर मरत असलं तर?” मी काही वेळ बोललो नाही. मग म्हटलं, पलीकडच्या माणसाला फोनवर सांग काय करायचं ते, पण गाडी घालायची नाही. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. स्नॉर्कल मात्र यादीतून गेलं.

उरलेल्या पैशांत मित्रांच्या यादीत नसलेल्याच वस्तू आल्या. काठ असलेली रबरी पायपुसणी, कारण शेण-चिखलाचे बूट घेऊन ती दिवसातून दहादा चढते-उतरते. मागची सीट पाडून तिथे औषधांची पेटी आणि लशींचा थंड डबा, दोन्ही पट्ट्यांनी करकचून बांधलेले. लस दोन ते आठ अंशांतच राहायला हवी, आणि अचानक ब्रेक दाबला तर सुटा डबा मानेवर येतो. बहिणीला चढता यावं म्हणून आतल्या खांबाला एक धरायची मूठ.

इगतपुरीजवळ महिंद्राची अशा गाड्या चालवायला शिकवणारी शाळा आहे. लो गिअर कधी घालायचा, उतारावर ब्रेकवरचा पाय कसा काढायचा, हे तिथे शिकवतात. यादीत हे सगळ्यात वर हवं होतं असं मी म्हणणारच, मास्तर आहे ना! भाचीला सुट्टी मिळत नाही ही अडचण. पेट्रोल पंपावरच्या ओळखीतून एक-दोन दिवस दुसरा डॉक्टर फेऱ्या सांभाळेल असं ठरतं आहे. इंजिनखालची जाड पत्र्याची ढाल दिवाळीनंतर, तोवर सध्याच्या पत्र्याला किती खरचटतं ते बघू. पावसाळा संपल्यावर गाडी वर चढवून खालून बघायला मीही जाणार आहे.